न्यूयॉर्कच्या स्टेट टेस्ट: मुलांना बसवायचं की नकारपत्र द्यायचं?

पाटीपेन्सिल

मार्च उजाडला की आमच्या लाँग आयलंडच्या मराठी व्हॉट्सॲप गटावर दरवर्षी हाच विषय निघतो: "तुम्ही टेस्टला बसवताय का?" जुने लोक हो किंवा नाही सांगून मोकळे होतात आणि नुकतेच भारतातून आलेले पालक चक्रावून जातात. परीक्षेला बसणार नाही असं पालकांनी लिहून द्यायचं, शाळेने ते ठेवून घ्यायचं आणि मुलाच्या पुढच्या वर्गावर त्याचा काहीच परिणाम व्हायचा नाही, हे आपल्या पचनीच पडत नाही. गटावर हे धड सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी परीक्षा कुठली ते. तिसरी ते आठवीच्या मुलांना दर वसंतात इंग्रजी आणि गणिताची राज्याची परीक्षा असते. निकाल लेव्हल १ ते ४ असा येतो, ३ म्हणजे इयत्तेला साजेसं. ही सक्ती केंद्राची. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने ती आली आणि डिसेंबर २०१५ मध्ये ओबामांनी सही केलेल्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्याने ती कायम ठेवली. किमान ९५ टक्के मुलं बसली पाहिजेत ही अटही त्यात आहे. ही अट शाळेवर आणि राज्यावर आहे, मुलावर नाही. पालकांच्या नकाराबद्दल राज्यांचे जे काही नियम असतील त्यांना आम्ही हात लावत नाही, असंही तोच कायदा म्हणतो. न्यूयॉर्कमध्ये नकाराचा हक्क देणारं वेगळं कलम नाही, पण नकार दिला म्हणून मुलाला शिक्षाही नाही. उलट २०१४ पासून राज्याचाच नियम आहे की हे गुण मुलाच्या कायमच्या नोंदीत जाऊ द्यायचे नाहीत आणि निव्वळ त्यांच्या जोरावर मुलाला वर चढवायचं की नाही हे ठरवायचं नाही.

आता इथल्या लोकांनी एवढं मनावर का घेतलं, ते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कने 'कॉमन कोअर' या नव्या शैक्षणिक निकषांवरची परीक्षा पहिल्यांदा घेतली. आदल्या वर्षी इंग्रजीत सुमारे ५५ टक्के आणि गणितात ६५ टक्के मुलं 'पास' होती. २०१३ मध्ये दोन्हीकडे आकडा ३१ वर आला. मुलं एका वर्षात ढ झाली नव्हती, फूटपट्टी बदलली होती. शिक्षकांच्या हातात नवीन पुस्तकं नीट पडलेली नसताना परीक्षा आली. त्यात हे गुण शिक्षकांच्या मूल्यमापनाला जोडलेले होते, आणि २०१५ च्या वसंतात गव्हर्नर कुओमोंनी ते वजन निम्म्याच्या आसपास नेलं. त्याच वसंतात परीक्षेला पात्र असलेल्या मुलांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्याने, म्हणजे दोन लाखांहून जास्त मुलांनी नकार दिला. आदल्या वर्षी ती संख्या साठेक हजार होती. आमच्या लाँग आयलंडवर तर निम्मी मुलं बसली नाहीत. कॉमसेवोगसारख्या शालेय डिस्ट्रिक्टमध्ये परीक्षा देणारंच मूल शोधावं लागायचं.

आणि त्याचा परिणाम झाला. डिसेंबर २०१५ मध्ये राज्याच्या बोर्ड ऑफ रीजंट्सने, म्हणजे शिक्षणाचं धोरण ठरवणाऱ्या मंडळाने, हे गुण शिक्षकांच्या मूल्यमापनात धरायला स्थगिती दिली. २०१६ पासून वेळेची मर्यादा गेली. २०१८ पासून प्रत्येक विषयाचे तीन दिवस होते त्याचे दोन झाले. २०१९ मध्ये मूल्यमापनाशी ते जोडण्याची सक्तीच कायद्यातून निघाली. नागरिकांनी एवढ्या शांतपणे, नुसत्या पत्रांच्या जोरावर सरकारला मागे सरायला लावलं याचं मला मनापासून कौतुक आहे.

माझी मुलगी यंदा चौथीत आहे आणि ती परीक्षेला बसणार आहे. ज्या कारणासाठी तेव्हा पालक उभे राहिले ते कारण बऱ्याच अंशी मिटलंय. आता जी परीक्षा उरली आहे ती मुलाची नाही, शाळेची आहे. आपली शाळा इंग्रजी न येणाऱ्या मुलांना, अपंग मुलांना, गरीब घरातल्या मुलांना शिकवते की नुसती वर ढकलते, हे कळायला दुसरं साधन फारसं नाही. निम्मी मुलं बसलीच नाहीत तर ते कळणार नाही.

एक गोष्ट मात्र मला आपल्याच लोकांना बजावून सांगायची आहे. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक घर लेव्हल ४ साठी फेब्रुवारीपासून क्लास लावतं. दुसरं घर लेव्हल २ येईल या धास्तीने नकारपत्र देतं. दोघांचीही समजूत एकच, की हा मुलाच्या हुशारीवरचा शिक्का आहे. ही समजूत आधी डोक्यातून काढा, मग बसवा किंवा बसवू नका.

तुमचे अनुभव लिहा, विशेषतः ज्यांनी नकार दिला त्यांनी.

क्वीन्सवाली

लेख आवडला, पण हे सगळं लाँग आयलंडचं झालं. सिटी लाइन ओलांडून आमच्याकडे या, चित्र वेगळं दिसेल. २०१५ मध्ये लाँग आयलंडवर निम्मी मुलं बसली नव्हती तेव्हा न्यूयॉर्क शहरात नकार देणारे दोन टक्क्यांहूनही कमी होते. आमच्या लोकांना मुलांची काळजी नव्हती म्हणून नाही. शहरात मिडल स्कूलला प्रवेश देताना चौथीचे आणि हायस्कूलला सातवीचे गुण बऱ्याच शाळा बघायच्या. करोनात ते थांबलं, त्यानंतर नियम बदलत राहिले. पण त्या काळात माझा मोठा मुलगा चौथीत होता. नकारपत्र म्हणजे चांगल्या शाळेचा अर्ज स्वतःच्या हाताने फाडण्यासारखं होतं. "ही परीक्षा मुलाची नाही" हे वाक्य ज्याला घराजवळची सरकारी शाळा आपोआप चांगली मिळते त्याने म्हणावं. आम्हाला ते परवडत नव्हतं.

आणि कृपा करून एसएचएसएटीशी गल्लत करू नका, दर वर्षी कोणीतरी करतंच. स्टायव्हेसंट, ब्रॉन्क्स सायन्स, ब्रुकलिन टेक अशा निवडक हायस्कूलांसाठी आठवीत द्यायची ती प्रवेश परीक्षा वेगळी. तिचा कायदा १९७१ चा. तिथे नकार द्यायचा प्रश्नच नाही, द्यायची असेल तर द्या.

पाटीपेन्सिल

@क्वीन्सवाली, एकदम मान्य. "शाळेची परीक्षा" हे फक्त तिथेच खरं जिथे गुणांवर मुलाचं काही अडत नाही. शहरात त्या काळात ते खरं नव्हतं.

रानवारा

२०१५ च्या त्या दोन लाखांत माझी मुलगी होती. तिसरीत. सफक काउंटी.

मी नकार का दिला ते सांगतो, कारण आता मागे वळून "कारण मिटलं" म्हणणं सोपं आहे. जानेवारी लागल्यापासून तिच्या वर्गात विज्ञानाचा तास जवळजवळ बंद पडला होता. सोशल स्टडीज तर नावालाच. घरी येणारा गृहपाठ म्हणजे सराव पुस्तिकेची पानं. एका उताऱ्यावर सहा प्रश्न, चार पर्याय, त्यातले दोन पर्याय असे की मोठ्या माणसानेही थबकावं. तिला गोष्टी वाचायचं वेड होतं. त्या हिवाळ्यात ती मला म्हणाली, "बाबा, मला फक्त गोष्ट वाचू दे, मुख्य कल्पना विचारू नकोस." आठ वर्षांची मुलगी.

मी पत्र दिलं. मग परीक्षेच्या दिवशी काय झालं? नकार दिलेल्या मुलांना त्याच वर्गात, त्याच बाकावर बसवलं. पुस्तक नाही, कागद नाही, चित्र काढायचं नाही. इथे त्याला 'सिट अँड स्टेअर' म्हणायचे. पुढ्यात प्रश्नपत्रिका ठेवली, तिने शिकवल्याप्रमाणे "आय रिफ्यूज" म्हटलं आणि सत्तर मिनिटं समोरच्या मुलीच्या वेणीकडे बघत बसली. शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये अशा मुलांना लायब्ररीत नेऊन वाचू देत होते. आमच्याकडे नाही. डिस्ट्रिक्टचं नाव घेत नाही. पण एवढ्याशा मुलांना शिक्षा दिल्यासारखं बसवणारी मोठी माणसं मी विसरलेलो नाही.

दुसरा मुद्दा. निकाल यायचा तेव्हा मूल पुढच्या इयत्तेत गेलेलं असायचं. कागदावर एक आकडा आणि एक रंगीत पट्टा. कुठला प्रश्न चुकला, काय येत नाही, शिक्षकांनी काय करावं, काही नाही. अशा कागदासाठी मी माझ्या मुलीचा हिवाळा का द्यावा? आणि तेव्हाचे शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांनी तर २०१३ मध्ये म्हटलं होतं की हा विरोध म्हणजे उपनगरांतल्या गोऱ्या आयांचा त्रागा, आपलं पोर वाटलं तेवढं हुशार नाही हे कळल्याचा. पुढे त्यांनी शब्द मागे घेतले, पण मनातलं कळलं. मी गोरा नाही, आई नाही, आणि माझ्या पोरीच्या हुशारीची मला चिंता नव्हती.

धाकटा आता पाचवीत आहे. त्याचंही नकारपत्र जाणार आहे.

खडूफळा

मी न्यूयॉर्क राज्यात सार्वजनिक शाळेत चौथीला शिकवत होते, आता निवृत्त आहे. रानवारांनी लिहिलेलं वाचून गप्प बसवेना.

त्या वर्षांत आम्ही काय करत होतो हे पालकांना आतून कधी कळलं नाही. परीक्षेआधी भिंतींवरचे तक्ते, गुणाकाराचे पाढे, शब्दांच्या याद्या, सगळं खाकी कागदाने झाकायचं. मुलं सकाळी वर्गात यायची आणि बिचकायची, ओळखीचा वर्ग अनोळखी झालेला असायचा. प्रश्नपत्रिका हाताळताना त्यातल्या प्रश्नांबद्दल कुणाशी बोलायचं नाही म्हणून सही द्यायची. वर्गात एक मुलगा होता, गणितात तल्लख. उताऱ्याच्या दुसऱ्या पानावर त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मला त्याला फक्त "तुला जमेल तेवढं कर" एवढंच म्हणायची मुभा होती. वर्षभर ज्याच्या बाकाशेजारी उकिडवी बसून शिकवलं त्याला त्या क्षणी मदत करायची नाही हा नियम मला कळतो. पण मग त्याच्या त्या पानावरून माझी किंमत काढायची, हे कळलं नाही.

शिक्षकांचं मूल्यमापन कसं व्हायचं तर मूल मागच्या वर्षी कुठे होतं, त्याच्यासारख्या इतर मुलांनी किती प्रगती केली, त्यावरून संगणक त्याचा अपेक्षित गुण काढणार आणि प्रत्यक्ष गुणांतला फरक शिक्षकाच्या नावावर लावणार. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं की बहुतेक अभ्यासांनुसार मुलांच्या गुणांमधल्या एकूण फरकांपैकी शिक्षकाचा वाटा १ ते १४ टक्केच निघतो. बाकी घर, शाळा, व्यवस्था. लाँग आयलंडवरच्या ग्रेट नेकच्या एका चौथीच्या शिक्षिकेला, जिच्या वर्गाचे गुण राज्याच्या सरासरीच्या कितीतरी वर होते, एका वर्षी 'इनइफेक्टिव्ह' शेरा मिळाला. २० पैकी १. आदल्या वर्षी तिला १४ होते. ती कोर्टात गेली आणि २०१६ च्या मे महिन्यात न्यायाधीशांनी तो शेरा मनमानी आणि तर्कहीन ठरवून रद्द केला.

आणि प्रश्नांची प्रत? २०१२ च्या आठवीच्या पेपरात एक अननस सशाला शर्यतीचं आव्हान देतो असा उतारा आला होता. अननस जागचा हलत नाही, शेवटी प्राणी त्याला खाऊन टाकतात. मग प्रश्न: प्राण्यांनी अननस का खाल्लं? सगळ्यात शहाणा प्राणी कोण? मुलं हवालदिल, शिक्षकही. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर ते प्रश्न गुणांतून वगळावे लागले. असल्या प्रश्नांवरून शाळा वाईट आणि शिक्षक नालायक ठरत होते.

तरीही माझं मत पाटीपेन्सिलशी जुळतं. शिक्षकाच्या मानेवरची सुरी काढल्यावर परीक्षा बरीच निमूट झाली आहे. सराव पुस्तिका अजून आहेत, पण जानेवारीपासून विज्ञान बंद हा प्रकार मी माझ्या शेवटच्या वर्षांत पाहिला नाही.

कोथरूडची

नमस्कार. आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याहून न्यूयॉर्कला आलो. मुलगा चौथीत. हा धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटतोय. त्याचं पुण्यात मराठी माध्यम होतं, इंग्रजी आत्ता कुठे बोलायला लागलाय. शाळेतून कागद आलाय की एप्रिलमध्ये टेस्ट आहे. तिकडे त्याची शिष्यवृत्तीची तयारी सुरू करायचा विचार होता, त्यामुळे परीक्षेची भीती नाही. पण इंग्रजीच्या पेपरात तो नुसता बसून राहील याचं मला वाईट वाटतंय. गणित त्याला येतं, पण शब्दप्रश्न वाचता येत नाहीत. काय करू? सासरे म्हणतात, परीक्षा टाळायची सवय लावू नका.

खडूफळा

@कोथरूडची ताई, घाबरू नका. इंग्रजी शिकणारी जी मुलं अमेरिकेतल्या शाळेत येऊन वर्ष व्हायचं आहे, त्यांना राज्याच्या इंग्रजीच्या पेपरातून एकदा सूट मिळते. त्यासाठी नकारपत्र लागत नाही, शाळेने स्वतः ते बघायचं असतं. शाळेत ईएनएलच्या, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या, शिक्षिका असतील, त्यांना आजच विचारा. त्याऐवजी त्याला इंग्रजी शिकणाऱ्यांची वेगळी परीक्षा असते, ती मात्र चुकवू नका, त्यावरच त्याला पुढे किती मदत मिळणार हे ठरतं.

गणिताला सूट नाही. पण स्पॅनिश, चिनी वगैरे काही भाषांत भाषांतरित प्रश्नपत्रिका मिळते. मराठीत नाही. ज्या भाषेत ती नाही तिथे तोंडी भाषांतराची सोय करता येते, शब्दकोशही वापरता येतो. मराठी येणारा माणूस शाळेने शोधायचा असतो. लवकर मागणी केलीत तरच सापडेल, एप्रिलच्या तोंडावर सांगून उपयोग नाही.

सासऱ्यांना सांगा, ही शिष्यवृत्तीसारखी परीक्षा नाही. तिथे मूल स्वतःसाठी बसतं. यादी लागते, पैसे मिळतात, नाव होतं. इथे त्यातलं काहीच नाही.

उलटतपासणी

मी ब्रॉन्क्समध्ये शनिवारी मुलांना गणित शिकवतो. इथे सगळे उपनगरातून बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रानवारा, राग मानू नका, पण तुमचं नकारपत्र माझ्या विद्यार्थ्यांना महागात पडतं.

२००२ च्या आधी काय होतं? शाळेची सरासरी चांगली की शाळा चांगली. त्या सरासरीखाली काळी मुलं, लॅटिनो मुलं, अपंग मुलं, इंग्रजी न येणारी मुलं झाकली जायची. कुणी विचारायचं नाही. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यात हजार दोष होते, दर वर्षी टक्के वाढवत २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं प्रवीण करा हे लक्ष्य तर अशक्यच होतं. पण त्याने एक गोष्ट केली. प्रत्येक गटाचे गुण वेगवेगळे जाहीर करायला लावले. म्हणून मे २०१५ मध्ये, ऐन नकाराच्या लाटेत, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीसह बारा नागरी हक्क संघटनांनी जाहीर पत्रक काढून पालकांना सांगितलं की हे करू नका, आमच्या मुलांची हलाखी दाखवणारा आकडाच तुम्ही पुसताय. ज्या लोकांना १९५४ च्या, शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या ब्राउन खटल्यापासून प्रत्येक गोष्ट आकड्यांनी सिद्ध करावी लागली, त्यांना आकड्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

माझ्याकडे एक मुलगी येते, सहावीत. शाळेच्या प्रगतिपुस्तकात तिला गणितात ८५. राज्याच्या परीक्षेत लेव्हल १. आईला वाटत होतं सगळं छान चाललंय. तिला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. शाळेने कधी सांगितलं नाही, या परीक्षेने सांगितलं. तुमच्या मुलीला ते कळायची गरज नव्हती, कारण घरी तुम्ही होतात. माझ्या विद्यार्थिनीला दुसरं कोण सांगणार होतं?

रानवारा

राग नाही मानत. शाळेच्या ८५ चा मुद्दा मला बोचला, हेही सांगतो.

पण शितावरून भाताची परीक्षा होते ना? मग प्रत्येक शीत कशाला चेपायचं? एनएईपी नावाची देशपातळीवरची चाचणी आहे. ठरावीक शाळांतली चौथी-आठवीची थोडी मुलं निवडतात. कोणाही मुलाचे स्वतंत्र गुण निघत नाहीत, म्हणून तिच्यासाठी कोणी क्लास लावत नाही, कोणी भिंती झाकत नाही. तिच्यातूनही काळ्या-गोऱ्या मुलांमधली दरी दिसते. उलट जास्त विश्वासाने दिसते, कारण तिच्या तयारीसाठी कुणी घोकून घेत नाही. दरी मोजायची असेल तर तशी मोजा. सगळ्या मुलांना सगळ्या वर्षी कशाला?

आणि तुम्ही म्हणता आकड्यांनी हलाखी दिसली. दिसली. मग पुढे काय झालं? वीस वर्षं आकडे दिसताहेत. ब्रॉन्क्समधल्या शाळांना त्या आकड्यांमुळे पैसे वाढून मिळाले की 'अपयशी शाळा' असा शिक्का आणि बंद करण्याची धमकी?

उलटतपासणी

एनएईपी राज्याचा भात सांगते, फार तर मोजक्या मोठ्या शहरांचा. शाळेचं पातेलं तिला दिसत नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या शाळेत काय शिजतंय ते कळायला तिथलंच शीत लागेल.

शिक्का आणि धमकीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. ब्लूमबर्ग महापौर असताना शहरात शाळा बंद करण्याचा सपाटाच होता आणि त्यातल्या बहुतेक गरीब वस्त्यांतल्या होत्या. पण तो आकड्याचा दोष नाही, आकडा हातात असणाऱ्यांचा आहे. तुम्ही त्यांच्याशी भांडा, मी तुमच्या बरोबर येतो. आकडा पुसू नका.

प्लॅनोकर

टेक्सासमधून. इथे ही चर्चाच संभवत नाही. परीक्षा चुकवण्यासाठी मुलाला वर्गातून काढून नेण्याचा हक्क पालकांना नाही, असं आमच्या शिक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय. कॅलिफोर्नियातल्या माझ्या भावाने एक ओळ लिहून दिली आणि विषय संपला, कारण तिथे पालकांच्या लेखी विनंतीवर सूट द्यायचं कलम आहे. तेव्हा हा धागा वाचून दुसऱ्या राज्यातल्या कुणी पत्र खरडू नये, आधी आपल्या राज्याचा नियम बघावा.

टेम्सकाठ

इंग्लंडमध्येही असंच पेटलं होतं. ३ मे २०१६ ला हजारो पालकांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना एक दिवस घरी ठेवलं होतं, सॅट्स या सरकारी चाचण्यांच्या निषेधार्थ. आम्हीही ठेवलं होतं, मुलांना घेऊन बागेत गेलो. तेव्हा सरकार हललं नाही. पण दुसरीच्या त्या चाचण्या २०२३-२४ पासून शाळांवर बंधनकारक राहिलेल्या नाहीत. सहावीच्या मात्र आहेत. एका दिवसाच्या बहिष्काराने ते झालं असं मी म्हणणार नाही, मधे बरीच वर्षं गेली आणि बऱ्याच लोकांनी चिकाटीने रेटलं.

गुरुजी_मराठवाडा

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. तुमच्या चर्चेत लुडबुड करतोय, पण राहवलं नाही.

आमच्याकडे २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'पासून पायाभूत चाचणी, संकलित चाचणी हे चक्र आहे. प्रश्नपत्रिका वरून येतात, आम्ही घेतो, आम्हीच तपासतो आणि गुण ऑनलाइन भरतो. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी मोबाइलवर रेंज शोधत गुण भरत असेल तर दुसऱ्याने चार वर्ग सांभाळायचे. पालकांना ही चाचणी आहे हे माहीतही नसतं. नकार देणं लांबच राहिलं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं तर चाचणीच्या वेळी फडावर असतात. तो नकार कुठल्याच रकान्यात बसत नाही.

रानवारांचं शिताचं म्हणणं आम्ही डोळ्यांनी पाहतो. 'असर' या देशभरच्या शैक्षणिक पाहणीची मुलं गावात येतात, ठरावीक घरं निवडून तिथल्या मुलांना एक परिच्छेद वाचायला देतात, एक भागाकार घालतात, निघून जातात. २००५ पासून चाललंय. त्यात शाळेच्या नावाने काही छापत नाही, त्यामुळे कुणी आकडा फुगवत नाही. पाचवीच्या कितीतरी मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, हे देशाला त्याच पाहणीने सांगितलं. आमच्या ऑनलाइन भरलेल्या गुणांवरून तसं कधी वाटलं नसतं. कारण जो शिकवतो त्यानेच तपासायचं आणि कमी गुण दिसले तर त्यालाच नोटीस. मग गुण कसे येणार ते सांगायला नको.

पण उलटतपासणींची ती सहावीतली मुलगी माझ्याही वर्गात आहे. तिच्यासाठी मला वरची परीक्षा लागत नाही. फळ्याशी उभी करून एक उदाहरण घातलं की कळतं. वर्गात साठ मुलं नसतील आणि माझ्याकडे निवडणूक, जनगणना, पोषण आहाराचा हिशेब नसेल तर.

खडूफळा

गुरुजी, शेवटचा परिच्छेद छापून भिंतीवर लावावा असा आहे.

क्वीन्सवाली

गुरुजींना +१. रानवारांना एक प्रश्न. तुमच्या शाळेला तुमच्या नकाराचा फटका बसतो का? आमच्या पीटीएत (पालक-शिक्षक संघात) कायम सांगतात की ९५ टक्के झाले नाहीत तर निधी जाईल.

पाटीपेन्सिल

याचं उत्तर मी देते, कारण ही भीती मुद्दाम पसरवली जाते. निधी कापण्याची भाषा २०१५ मध्ये वॉशिंग्टनहून आणि राज्याच्या राजधानीतून, ऑल्बनीहून, दोन्हीकडून झाली. दोन लाख मुलांनी नकार दिला तरी तो कापला गेला नाही. २०१६ मध्ये रीजंट्सच्या अध्यक्षपदी आलेल्या बेटी रोझा यांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मी रीजंट नसते, पालक असते तर मीही आत्ता नकार दिला असता. त्यामुळे तो धाक राज्यालाही पेलला नाही.

खरा परिणाम वेगळा आहे. शाळेचा टक्का काढताना भागाकाराचा छेद बसलेल्या मुलांचा नाही, किमान ९५ टक्के पटाचा धरायचा असं २०१५ चा कायदा सांगतो. म्हणजे शंभरातली पन्नासच बसली आणि त्यातली चाळीस पास झाली, तर चाळीस भागिले पन्नास नाही, चाळीस भागिले पंच्याण्णव. कागदावर शाळा बेचाळीस टक्क्यांची दिसते. श्रीमंत डिस्ट्रिक्टला याचं काही वाटत नाही, तिथे सगळ्यांना खरी गोष्ट माहीत असते. पण ज्या शाळेत मोजकीच घरं नकार देतात आणि शाळा आधीच काठावर आहे, तिथे हा हिशेब लागू शकतो. क्वीन्समध्ये असाल तर हे लक्षात घेऊन ठरवा.

रानवारा

हा हिशेब मला माहीत आहे आणि आमच्या डिस्ट्रिक्टला त्याने खरंच काही झालेलं नाही, हे मान्य करतो. आमच्याकडे तो परवडतो. सगळीकडे परवडत नाही.

धाकट्याचं पत्र मात्र जाणारच. परीक्षा आता संगणकावर आहे, तासन्‌तास स्क्रीनपुढे बसवून गोष्ट वाचायला लावायची आणि उतारा वर-खाली सरकवत उत्तर टाइप करायचं, हे मला दहा वर्षांच्या मुलासाठी मान्य नाही. आणि दुसरं, पत्रं जायची थांबली तर उद्या कुणीतरी हे गुण पुन्हा शिक्षकांच्या मूल्यमापनाला जोडेल. ते परत येऊ नये म्हणून काही घरांनी नकार देत राहिलं पाहिजे असं मला वाटतं. उलटतपासणी, तुमच्या मुलीसाठी मी शनिवारी यायला तयार आहे, अपूर्णांक मला चांगले शिकवता येतात.

उलटतपासणी

या. व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. वाद चालू ठेवू.

कोथरूडची

सगळ्यांचे आभार. शाळेत जाऊन आले. इंग्रजीच्या पेपरातून सूट मिळणार आहे, त्यांनी यादीत नाव आधीच घातलं होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं एवढंच. गणिताला बसवते. मराठी भाषांतरासाठी माणूस शोधतो म्हणाले. डिस्ट्रिक्टमधलं कुणी ओळखीचं असेल तर कळवा असंही म्हणाले. इथे कुणी आहे का, जे एप्रिलअखेर सकाळी दोन दिवस येऊ शकतील? आणि नकारपत्र द्यायचं असेल तर नेमकं कसं, हेही कुणीतरी लिहून ठेवा, आमच्या बिल्डिंगमधली दोन घरं विचारताहेत.

पाटीपेन्सिल

पत्राचं: मुख्याध्यापकांना ईमेल, वर्गशिक्षकांना प्रत. मुलाचं नाव, इयत्ता, दोन्ही विषयांची नावं स्वतंत्र. चुकलेल्यांसाठी नंतर जे मेक-अप दिवस असतात त्या दिवशीही बसवू नये हे स्पष्ट लिहा, नाहीतर परत बोलावतात. त्या वेळात मुलाला कुठे बसवणार आणि पुस्तक वाचू देणार का, हे त्याच ईमेलमध्ये विचारा आणि लेखी उत्तर घ्या. रानवारांच्या मुलीसारखी वेळ येऊ देऊ नका. परीक्षेआधी निदान आठवडाभर पाठवा. आणि मुलाला आदल्या दिवशी नीट सांगून ठेवा, वर्गात त्याला ऐनवेळी विचारलं जाऊ शकतं.

भाषांतराला मी येऊ शकते, पण मला सोमवारी सुट्टी नसते. तुमच्या गणिताच्या तारखा निरोपात पाठवा.